लिमातली बुटाची नाडी

मलकापुरात आमच्या शेजारी राहणारे निवृत्त सुभेदारकाका दूधवाल्यालाही सावधानमध्ये उभं करून मगच दूध घेतात. मागच्या वर्षी आम्ही दोघं पेरू देशाची राजधानी लिमा बघायला गेलो. आमच्यापुरती एक गाईड घेतली होती. ती बिचारी जीव तोडून चर्चचा इतिहास सांगायची आणि काका "लय भारी" म्हणून पुढं चालू लागायचे. राजवाड्यापाशी मात्र ते थबकले. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या बुटाची नाडी सुटली होती.

"आवं काका, नगा जाऊ!" मी ओरडलो.

"पडंल की रं पोरगं!" म्हणत ते साखळीखालून आत घुसले आणि गुडघ्यावर बसून नाडी बांधू लागले. शिट्ट्या वाजल्या. गाईड रडकुंडीला आली. शिपाई पुतळ्यासारखा ताठ उभा होता. नाडी बांधून झाल्यावर त्यानं हळूच दुसरा पाय पुढं केला.