दिवेवाल्याच्या घरची संध्याकाळ

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, नाटकाच्या थिएटरात दिवे करायचे. ‘दिवे करणं’ हा त्यांचाच शब्द. प्रेक्षकांच्या पाठीमागच्या काळ्या खोलीत बसून, पुढ्यातल्या पट्ट्या वरखाली सरकवत, कुणाच्या तोंडावर किती उजेड पाडायचा हे ठरवण्यात त्यांची उमर गेली. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीतला दिवा लावायला ताईला पेन्सिल लागायची. बटण आत रुतलेलं होतं, बोटाने दाबलं की चरचर आवाज यायचा, म्हणून तिने बोर्डालाच दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवली होती. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने काढली, तो ताईकडे एकदा तरी चहाला येऊन गेला असणार.

मी स्वतः दिव्यांच्या दुकानात काउंटरला उभी असते. दिवसभर लोकांना झुंबरं आणि बटणं विकायची आणि सख्ख्या बहिणीच्या भिंतीवर पेन्सिल लटकलेली बघायची, हे मला सहन होत नसे. मी भावजींना टोचायची एकही संधी सोडत नसे. ते हसायचे आणि म्हणायचे, मेहुणीबाई, एकदा निवांत झालो की बघतो.

गेल्या वर्षी ते निवांत झाले. शिडी चढताना गुडघे ऐकेनात, तेव्हा थिएटरवाल्यांनी गोड भाषणं करून त्यांना घरी पाठवलं. भावजींचं तोंड उतरलं, पण ताई मनातून हरखली होती. लग्न झाल्यापासून तिने एकही संध्याकाळ नवऱ्यासोबत काढली नव्हती. बाकीच्या बायकांचे नवरे घरी यायच्या वेळेला हिचा नवरा घराबाहेर पडायचा. तिने मला सरळ सांगितलं होतं की तिला दागिने नकोत, प्रवास नको, संध्याकाळी माणूस घरात हवा. त्यासाठी तिने जुन्या सोफ्याला नवं कापडसुद्धा घातलं.

पण जित्याची खोड. दिवस कलला की भावजींच्या पायांना मुंग्या यायच्या. तिसऱ्या घंटेची वेळ जवळ आली की ते चपला शोधायला लागायचे. जरा पाय मोकळे करून येतो, असं म्हणायचे, आणि शिडी न चढणारे ते गुडघे त्यांना बरोबर थिएटरात नेऊन शेवटच्या रांगेमागे उभे करायचे. परत यायचे ते प्रयोग संपल्यावर.

“रिटायर झालेत ते दिवसाचे,” ताई मला म्हणाली. “संध्याकाळ अजून तिकडेच नोकरीला आहे.”

मला संताप आला. माझा नवरा असता तर मी दाराला कुलूप घातलं असतं. ताईचा स्वभाव तसा नाही, म्हणून मग मीच डोकं चालवलं. दुकानात काचेची नवी टचची बटणं आली होती. गुळगुळीत पाटी, तिच्यावर खोलीतल्या तिन्ही दिव्यांची बटणं, बोट टेकवलं की दिवा लागतो, सोबत रिमोट, आणि त्या रिमोटवरून उजेड पायरीपायरीने कमीजास्त करता येतो. आमच्याकडचे साधे बल्ब त्याच्यावर लुकलुकतात, म्हणून मंद होणारे बल्बही मी सोबत घेतले. निदान पेन्सिल तरी जाईल, आणि जमलं तर माणूस एखादी संध्याकाळ घरात थांबेल, एवढाच माझा हिशेब होता.

भावजींनी ती पाटी उलटसुलट करून पाहिली आणि नाक मुरडलं. याला खटका नाही, म्हणाले. खटका नाही तर दिवा लागला हे हाताला कळणार कसं? आणि रिमोट म्हणजे तर उंटावरून शेळ्या हाकणं. ताईने शांतपणे सांगितलं की एक तर त्या घरात पेन्सिल राहील नाहीतर ती स्वतः राहील. सुट्टीच्या दिवशी सकाळी भावजींनी स्टूल ओढलं.

मेन स्विच बंद केला. आतल्या खोलीतून त्यांची लेक ओरडली की इंटरनेट गेलं. ती घरूनच काम करते आणि तिला सुट्टीच्या दिवशीही काम असतं. तिला तसंच ओरडू देऊन भावजींनी बोर्ड उघडला. आत एक मेलेलं झुरळ, मूठभर धूळ आणि टोकं काळी पडलेल्या तारा. नव्या बटणाला न्यूट्रलची वेगळी तार लागते आणि तिथे ती नव्हतीच. ती त्यांनी शेजारच्या प्लगमधून ओढून आणली. पकडीने जळकी टोकं कापली, तारा सोलल्या. आतलं काही दिसेना, म्हणून ताईला टॉर्च धरायला सांगितली.

“माझ्या हातावर नको, तारेवर,” ते म्हणाले. “जरा डावीकडे. हां, तिथेच धर.”

ताईने धरली. तो उजेड काम संपेपर्यंत तसूभरही हलला नाही. भावजींच्या ते लक्षात आलं. स्क्रू पिळतापिळता त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

“हात फार स्थिर आहे गं तुझा.”

“इतक्या वर्षांत कधी धरायला सांगितलंत?” ताई म्हणाली, पण तिच्या गालावर जे चढलं ते मी पाहिलं. मी हातात स्क्रू घेऊन उभी होते आणि उगीचच मध्ये आल्यासारखं मला वाटलं.

मेन चालू केला. काचेत एक निळा ठिपका उमटला. भावजींनी बोट टेकवलं, दिवा लागला, आवाज काहीच नाही. त्यांनी आपल्या बोटाकडे संशयाने पाहिलं. मग रिमोट उचलला आणि उजेड कमी करायचं बटण दाबलं. भिंतीवरचा दिवा एकेक पायरी उतरत गेला. पुन्हा दाबलं, तो एकेक पायरी चढत आला. परमुलखात अचानक कुणी आपल्या भाषेत हाक मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला. त्या दिवसापासून रिमोट काही त्यांच्या हातातून सुटला नाही.

आणि मग त्या घरात धमाल सुरू झाली. ताई चहाचा ट्रे घेऊन यायला निघाली की टेबलावरचा दिवा आधीच तिच्या स्वागताला चढायचा. लेकीला तिच्या त्या खास मित्राचा फोन आला की खोली आपोआप मंद व्हायची. तिने डोळे वटारले की बाप निरागसपणे म्हणायचा, प्रसंगच तसा होता. मी एकदा आमच्या दुकानमालकाच्या नावाने बोटं मोडत आत शिरले, तर भावजींनी बाकीचे दिवे घालवून फक्त मधला माझ्या डोक्यावर पूर्ण सोडला. माझा राग कुठल्या कुठे गेला. पुढचं वाक्यच आठवेना.

कळस झाला तो गुडघेकाकांच्या वेळी. हे शेजारचे काका. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याला युगं लोटली, पण ते दर संध्याकाळी येऊन ते पहिल्यापासून सांगतात. त्या दिवशी ते नेहमीप्रमाणे स्ट्रेचरवर चढले आणि भावजींनी दिवा एक पायरी उतरवला. भूल दिली, दुसरी पायरी. डॉक्टरांनी सुरी मागितली तेव्हा काका पुढे वाकून बघायला लागले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आज व्होल्टेज कमी आहे का, म्हणून विचारलं. ताईने तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं होतं आणि ते थरथरत होतं. गुडघा अजून उघडाच होता, पण काका चाचपडत उठले आणि घरी गेले. दार लागताक्षणी सगळे दिवे झळाळले आणि ताई भिंतीला टेकून, पोट धरून हसत सुटली. तिला तसं हसताना मी आमच्या माहेरीसुद्धा पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चोराच्या मनात चांदणं, भावजी स्वतःहून चौकशीला गेले. डोळे तरुणासारखे आहेत म्हणे. आता काकांकडे सांगायला दोन विषय झाले. दुसरा विषय भावजींनी भरपूर उजेडात, शेवटपर्यंत ऐकून घेतला.

मुख्य म्हणजे त्यांचं थिएटरात जाणं थांबलं. चपला दाराशी धूळ खात पडल्या. मी सगळं श्रेय घेऊन टाकलं. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ही कथा सांगून मी ती काचेची बटणं खपवायला लागले, आणि ती खपलीही.

अशाच एका संध्याकाळी मी ताईकडे गेले, तर ताईचं कशातच लक्ष नव्हतं. विचारलं तर म्हणाली, छान चाललंय. मी अशी सोडणारी नाही. तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. तिने भांडं विसळलं, पुन्हा विसळलं, आणि शेवटी बोलली.

“माणूस घरात आहे गं. पण बघ, बसलाय कुठे.”

मी दारातून डोकावले. खोलीत दिवे तीन. सोफ्यावर उजेड, टेबलावर उजेड, मधे उजेड. दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र एकाचाही उजेड पोचत नाही, आणि भावजींची खुर्ची नेमकी तिथे होती. त्यांनी स्वतःच ओढून नेली होती. तिथे ते हातात रिमोट घेऊन बसले होते, नुसती आकृती दिसत होती. मग मला आठवायला लागलं. इतक्या दिवसांत ते आमच्यात बोलायला म्हणून बसलेच नव्हते. आम्ही बोलायचो, आम्ही हसायचो, आणि ते तिथून बघायचे. थिएटरातली ती काळी खोली त्यांनी घरी आणली होती, आणि ती आणायला मदत मी केली होती. टाळ्या वाजवण्याच्या नादात मला दिसलंच नाही.

“मी त्यांची नटी झाले,” ताई म्हणाली. “बायको कधी होणार?”

ताईने माझ्या उत्तराची वाट पाहिलीच नाही. हात पुसले आणि बाहेर गेली. नेहमीप्रमाणे तिच्यासाठी दिवा चढला. ती त्या उजेडात थांबली नाही, सरळ पलीकडे कोपऱ्यात गेली आणि हात पुढे केला.

भावजींना वाटलं तिला आणखी उजेड हवाय. किती हवा ते सांग, मी करतो, असं काहीतरी म्हणाले. ताईचा हात तसाच राहिला. त्यांनी रिमोट दिला. मग तिने त्यांना उठवलं आणि सोफ्यावर जाऊन बसायला सांगितलं. तिथे डोळ्यांवर येतो, अशी त्यांनी कुरकुर केली. येऊ दे, म्हणाली.

ते बसले, सोफ्याच्या अगदी कडेला, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. ताईला रिमोट कुठे येत होता? पहिल्यांदा सगळेच दिवे गेले. मग टेबलावरचा लागला, मग तो गेला. लेक मदतीला आली, तिला ताईने हातानेच थांबवलं. शेवटी भिंतीवरचा दिवा सापडला आणि एकेक पायरी चढत भावजींच्या तोंडावर आला.

खरं सांगते, तो चेहरा मीही कधी नीट पाहिला नव्हता. सकाळी झोपलेला, संध्याकाळी बाहेर. भुवया पिकलेल्या, हनुवटीवर एक जुना व्रण, आणि लाजलेला. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

“मी काय करू?” त्यांनी हळूच विचारलं.

“काही करू नका,” ताई म्हणाली. स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली. “नुसते बसा. मला बघू दे.”

ती बघत राहिली. त्यांचे डोळे भरून आले, त्याचा दोष त्यांनी दिव्याला दिला आणि एक पायरी कमी कर म्हणून विनवलं. तिने केला नाही. मग ते सोफ्यावर जरासे सरकले आणि शेजारची जागा हाताने पुसली, तिथे काही नसताना.

“मग तूही ये इथे,” ते म्हणाले. “मला एकट्याला उजेडात बसायची सवय नाही.”

ताई उठून त्यांच्या शेजारी बसली. लेक शहाणी, तिने आत जाऊन आपलं दार लोटून घेतलं. मी मात्र स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी. ताईने मान न वळवता विचारलं, धाकटे, तुला घर नाही का? इतक्या आनंदाने तिने मला जन्मात कधी हाकललं नव्हतं.