मावशींचा नवस आणि आमचा बँड

दक्षिण इस्राएलमधल्या ओफाकिम गावात प्रत्येक वस्तीला एक मिकलात असे, म्हणजे हल्ला झाला तर लपायची जमिनीखालची सिमेंटची खोली. लढाई नसली की तिथे काहीही चाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमच्या इमारतीसमोरच्या मिकलातची किल्ली नगरपालिकेने आम्हां चौघांना दिली आणि आमचा हेवी मेटल बँड सुरू झाला.

मी बेस गिटार वाजवत असे. कोकणातल्या तालुक्याच्या गावी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकून मी आईवडिलांबरोबर इथे आलो. ड्रमवर माझा मामेभाऊ. तो इथेच जन्मलेला. मराठी सगळी समजे, उत्तर मात्र हिब्रूत देई. गिटारवाला नुकताच रशियातून आलेला, अबोल. गायक मोरोक्कन घरातला. त्याचे वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणत, आणि आवाजाचा दम त्याला तिथूनच मिळाला असावा.

माझे वडील सुताच्या कारखान्यात होते. एकदा त्यांनी पायरीवर बसून आमचं एक गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "दिवसभर मशीनवर हेच ऐकतो मी. तुम्ही फुकट वाजवता एवढाच फरक." पण त्यांनी कधी मनाई केली नाही. वाजवून झालं की मी त्याच खोलीत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करी. घरी भावंडांच्या गलक्यात तो झाला नसता.

आमचं एक नवं गाणं गायकाच्या लांब किंकाळीने सुरू होई. ती वर चढे, खाली येई, पुन्हा चढे, आणि गिटार तिच्या मागोमाग. उन्हाळ्यातल्या एका दुपारी उकाड्याने जीव नको झाला म्हणून आम्ही लोखंडी दार उघडं टाकलं होतं. गाणं रंगात आलं आणि जिन्यावरून कोणीतरी धडधडत खाली आलं. तोंडावर गॅसचा मुखवटा, काखेत ट्रान्झिस्टर, हातात पाव.

"काय रे मेल्यांनो, सायरन झाला नि तुम्ही वाजवत काय बसलात? दार लावा!"

मुखवट्यातून आवाज घुमत होता, तरी आम्ही ओळखला. समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशी. मूळच्या भायखळ्याच्या, एकट्या राहत. आखाती युद्धाच्या वेळी मिळालेला मुखवटा त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवला होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि सायरन नव्हता, आमचं गाणं होतं, हे समजावलं. मुखवटा काढून त्यांनी गायकाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हा असा ओरडतो? पोट दुखतं काय त्याचं?"

आम्ही हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत.

"मी येता येता नवस बोलले. एलियाहू हन्नावीला. सगळे जगलो-वाचलो तर मलिदा करीन म्हणून."

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, घरांत अडचणीच्या वेळी या संदेष्ट्याला नवस बोलतात आणि काम झालं की भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची नि फळं यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात.

मामेभाऊ हिब्रूत म्हणाला, "पण सायरनच खोटा होता, मावशी. मग नवसही खोटा."

"सायरन खोटा असंल. नवस मी खराच बोलले. जिवंत आहात ना सगळे?"

आम्ही जिवंत होतो.

दोन दिवसांत ही हकिगत वस्तीभर झाली आणि कोणीतरी तक्रार केली. नगरपालिकेचा माणूस येऊन सांगून गेला, "गुरुवारी शेजाऱ्यांना विचारायला येतो. एकाने जरी हरकत घेतली तरी किल्ली परत घेणार." जवळच्या बेर शेवा शहरातल्या एका क्लबने आम्हांला आमच्या पहिल्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. आमच्या घरांच्या भिंतींतून शेजारची शिंकदेखील ऐकू येई, तिथे ड्रम कुठे वाजवणार? किल्ली गेली की बँड संपला, हे चौघांनाही कळत होतं.

मावशींनी मलिदाही गुरुवारीच ठेवला, आणि तोही मिकलातमध्ये. "जिथला नवस तिथंच फेडायचा," त्या म्हणाल्या. "आणि ज्यांच्यापायी बोलले त्यांनी नारळ खवायचे." आम्ही खवले. रशियन गिटारवाल्याने आयुष्यात पहिल्यांदाच विळी पाहिली, पण सगळ्यांत बारीक खोबरं त्याचंच पडलं. पोह्यांची रास ॲम्प्लिफायरवर चादर घालून मांडली. शेजारीपाजारी आले, फळांवरच्या प्रार्थना सुरू झाल्या आणि तेवढ्यात नगरपालिकेचा माणूस जिना उतरला. मावशींनी त्याला हाताला धरून बसवलं आणि आधी खायला लावलं.

खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "कोणाची हरकत आहे?"

एक वयस्कर काका उठले. "आवाजाचं एक वेळ चालेल. पण अचानक सुरू झालं की धडकी भरते. लढाया पाहिल्यात आम्ही."

ते खरंच होतं. आम्ही माना खाली घातल्या. सगळे मावशींकडे पाहू लागले. हरकत घ्यायचा खरा हक्क त्यांचाच होता.

त्या आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाल्या, "वाजवण्याआधी यांनी माझ्या दाराशी येऊन सांगायचं. मी खिडकीतून सगळ्यांना सांगीन. मग काय ओरडायचं ते ओरडू देत."

काकांनी मान डोलावली. किल्ली आमच्याकडेच राहिली.

त्या दिवसापासून तो आमचा नियम झाला. दार ठोठावून सांगायचं, "मावशी, सुरू करतो." आतून उत्तर येई, "करा, करा. पण दार लावा." पुढे गायकानेही आमचं वाक्य मराठीतच पाठ केलं.

बेर शेवाचा कार्यक्रम चांगला झाला. मग हैफा, मग तेल अवीव. मी पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. पहिली सीडी आम्ही मिकलातमध्येच रेकॉर्ड केली. एकदा आम्ही दार लावायचं विसरलो तेव्हा मावशी वरूनच "दार लावा!" म्हणून ओरडल्या, आणि माईक चालू होता. गायक म्हणाला, "हे काढायचं नाही." सीडी त्यांच्याच आवाजाने सुरू होते.

सीडी आल्यानंतर बेर शेवात पुन्हा कार्यक्रम झाला, तेव्हा मावशींना माझ्या आईबरोबर पुढच्या रांगेत बसवलं होतं. कानांत कापूस, अंगावर ठेवणीतली साडी. गायक त्यांच्यासमोर वाकून मराठीत म्हणाला, "मावशी, सुरू करतो."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "करा, करा. पण..."

"दार लावा!" काळ्या शर्टांची अख्खी गर्दी मागून गरजली.

मावशी दचकून आईकडे वळल्या. "अगो, ह्यांना कोणी सांगितलं?"