पोरांच्या हातावरचे पैसे

आम्ही निघालो त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या स्टॉपवर मायनं तांदळाची थैली बसच्या खिडकीतून माझ्या पायाशी ढकलली. स्वरा वर्षाची, माझ्या मांडीवर रडत होती. धाकटा शौर्य तेव्हा जन्मायचा होता. नवऱ्याला चाकणच्या बाजूला कंपनीत काम लागलं होतं आणि आम्ही पुण्याला चाललो होतो. बाबा, म्हणजे माझे वडील, वैनगंगेत जाळं टाकून आम्हा भावंडांना वाढवणारा माणूस, बस हलेपर्यंत आमच्या बोचक्यांच्या गाठी तपासत होते. बस हलली तशी मायच बाजूनं चालत ओरडली, "रोशनी, पैसा वाचवजो वं बाई, पर लेकराच्या ताटातला नको वाचवू!"

मायचा शब्द मी पाळला. ताटातलं सोडून बाकी सगळीकडचं वाचवलं. जे गावात राहिले त्यांना वाटतं, पुण्याला गेलेल्यांची मजा आहे. आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना मी वेगळं काय सांगू! बिल्डिंगमध्ये कोणाचा बर्थडे असला की माझ्या पोरांना हमखास ताप यायचा, कारण जायचं म्हणजे गिफ्ट आलं. मॉलमधली घसरगुंडी कायमची बंद पडलेली. समोरच्या वहिनींच्या मुलीचे लहान झालेले फ्रॉक मी इस्त्री करून, नवे म्हणून स्वराला घालायची. स्वरा सहाची झाली तरी रेल्वेत मी तिला चारचीच ठेवली होती. शौर्यही चारचा. टीसीनं विचारलं तर जुळी आहेत म्हणून सांगायचं, असं मी ठरवूनच बसायची. हे सगळं कशासाठी, तर वन-बीएचकेच्या डाउन पेमेंटसाठी. पोरांनी काही मागितलं की माझं एकच उत्तर, "आपल्याला आपलं घर घ्यायचंय ना?" की दोघं गप्प. किती शहाणी लेकरं, असं लोक म्हणायचे आणि मला अभिमान वाटायचा.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मंडईला गावी आलो. पुण्यातल्या शेजारणीला मंडई म्हटलं की भाजीबाजारच वाटतो. आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी सरली की एकेका गावाची मंडई भरते. लेकी-जावई येतात, झुले लागतात, मिठाईची दुकानं लागतात, रात्री दंडार, म्हणजे नाच-गाण्यांचं लोकनाट्य, उभी राहते आणि घराघरात पाव्हणेच पाव्हणे. मोठी माणसं लेकरांच्या हातावर खाऊला म्हणून नोट ठेवतात. ठेवतातच. ज्याच्या घरी काही नाही तोही कुठून तरी काढून ठेवतो. आता लिहिताना माझे कान तापतात, पण त्या हातावरच्या पैशांचा अंदाज मी गाडीतच बांधला होता. मामा इतके देतील, आत्या तितके. पोरांना बजावलंही होतं, "सगळ्यांच्या पाया पडायचं, लाजायचं नाही, आणि पैसे लगेच मम्मीकडे. गल्ल्यात टाकायचे, घरासाठी."

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आहे. नव्या वस्तीला अजूनही सगळे पुनर्वसनच म्हणतात. ऑटोतून उतरलो तर बाबा रस्त्यावरच उभे. नातीला कडेवर घेऊन म्हणाले, "किती वर्साची झाली माही बाई?"

स्वरा म्हणाली, "घरी सहा, गाडीत चार."

बाबा खो खो हसले. मीही हसले, काय करते!

मंडईच्या दिवशी दुपारी अंगण पाव्हण्यांनी भरलं होतं. माय चुलीवर मासे शिजवत होती, मी कांदे कापत होते. पोरं झुल्यावर असतील असं मी धरून चालले होते. इतक्यात स्वरा फ्रॉकचा ओचा दोन्ही हातांनी धरून धावत आली, मागे शौर्य. सगळ्यांसमोर तिनं तो ओचा माझ्या मांडीवर उलटा केला. नोटाच नोटा. चुरगळलेल्या, घामेजलेल्या, दहाच्या, विसाच्या.

"मम्मी, आम्ही सगळ्या घरांत जाऊन आलो! एकपण नाही सोडलं!"

आत्या पदराआड हसायला लागली. "आमच्या घरीबी आली होती नं! पाया पडली अन् म्हणते कशी, आजी, आम्हाला घर घ्यायचंय."

"पोट्टी पक्की निघाली, बापा!" मामा म्हणाले. सारं अंगण हसलं. मीही त्या हसण्यात तोंड लपवलं. हसले नाहीत ते एकटे बाबा. ते उठून माझ्याजवळ आले, उकिडवे बसले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"घरासाठी हात पसरता पसरता आमची जिनगानी गेली, बाई. गाव बुडालं तवा ह्या साऱ्या घरचे लोक माह्यासंगं मोबदल्याच्या रांगेत उभे होते. त्यायच्याच दारात पाठवलंस लेकरायले?"

"मी नाही पाठवलं, बाबा," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण ते मला धड म्हणताही आलं नाही.

मी म्हटलं, आत्ता जाऊन परत करून येते. तर माय चुलीपासूनच ओरडली, "लेकराच्या हातावरचा पैसा वापस करतेत का कुठी? थुकतीन लोकं आपल्यावर!" बरोबरच होतं तिचं. दिलेला आशीर्वाद कोणी परत घेत नाही. शेवटी बाबांनीच तोड काढली. आतून करंज्यांचा डबा आणला, मोठ्या परातीत ओतला, वरून चिवडा टाकला आणि परात स्वराच्या हातात दिली. "जा माय, जेथं जेथं गेली होतीस, तेथं हे देऊन ये. पोटभर दे सारायले." मायनं आठवडाभर चुलीपुढं बसून त्या तळल्या होत्या. जावयासाठी, आम्हाला पुण्याला नेण्यासाठी. मला वाटलं, चला, झाकलं गेलं एकदाचं.

पोरं बऱ्याच वेळानं आली. परात जवळजवळ भरलेलीच होती.

"अवो, कोणी घेतल्या नाही का?" मायनं विचारलं.

"घेतल्या ना," स्वरा म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. ती माझ्याकडे वळली. "मम्मी, मी एका घरी एकच दिली. खूप लोक असले तरी एकच. बघ, किती वाचवल्या!"

अंगणात आता कोणी हसलं नाही. पोरीची शाबासकीची वाट बघत असलेली ती नजर मला सहन होईना आणि माझा हात उठला. बाबांनी तो वरच्या वर धरला.

"तिले कायले मारतेस? तुले खुश करून राहिली ते."

मी परात उचलली आणि एकटीच निघाले. घरोघरी गेले. काय म्हणू, काही सुचत नव्हतं. पोरगी लहान आहे, चुकली, असं म्हणायची. लोक म्हणायचे, असू दे वं, आणि मला बसवून चहा पाजायचे. त्यांच्या घरी आधीच पाव्हण्यांची गर्दी, तरी कोणी मला दारातून वाटेला लावलं नाही. शेवटचं घर सरूकाकीचं. जुन्या गावात तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. काका गेल्यापासून ती एकटी मासे विकून राहते.

मी मूठभर करंज्या तिच्या ताटलीत ठेवल्या. त्यातली एक तिनं माझ्याच तोंडात कोंबली. "पोरीले मारलं तं नाही ना?"

"नाही."

"मारू नको. घरासाठीच फिरून राहिली होती बिचारी." मग तिनं पदराची गाठ सोडली आणि घडी घातलेली एक नोट माझ्या हातावर ठेवली. "तिले दिले ते तिचे. हे तुले."

"काकी, मी काय लहान आहे का आता?"

"मायघरी आलेली लेक मोठी असते का वं कधी?" तिनं माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली.

मी नोट परत करायला हवी होती. मी वाकले आणि तिच्या पाया पडले. आणि खरं सांगते, वाकलेली असतानाच माझ्या मनात आलं, ही गल्ल्यात टाकता येईल.

या उन्हाळ्यात आमचं घर झालं. कर्जाचं आहे, पण आपलं आहे. पुनर्वसनातल्या एकूण एक घरची नोट त्यात गेली आहे. वास्तुशांतीला मात्र त्यातल्या कोणालाही मी बोलावलं नाही, माय-बाबांनासुद्धा नाही. हॉल, जेवण, येण्याजाण्याचं, इतकं झेपणार नाही, नंतर सावकाश बोलावू, असं मी स्वतःला समजावलं. चावी मिळाल्याचं आधीच कळवलं होतं. पूजा झाल्यावर फोन केला तर बाबा म्हणाले, "बरं केलंस. येवढ्या दूर कोण येते?"

मग म्हणाले, "सरूकाकीले काल सांगतलं तुहं घर झालं म्हणून. लय खुश झाली वं ते! सकाळपासून साऱ्या पुनर्वसनात साखर वाटत फिरून राहिली. आमची रोशनी घरवाली झाली म्हणते."

आपलं घर कुठलं, असं पोरं विचारतात तेव्हा मी चावी दाखवते. पण त्या घराचा आनंद झाला तो तिकडे, दारोदारी, ज्यांनी ते पाहिलंही नाही त्यांच्यात. आणि मी इकडे नव्या ओट्यावर उरलेल्या पेढ्यांचा डबा झाकून ठेवत होते.