सोलापूरचं कडक

त्या ज्येष्ठ नटाचे सुतक अख्ख्या महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने कोणी पाळले असेल, तर ते आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देण्याचे त्यांचे दुकान आहे. बातमी आली त्या सकाळी मंद्रूपचे एक शेतकरी मोटार घेऊन आले, तर शटर अर्धे खाली ओढलेले आणि आत दाजी दाढी न करता बसलेले. शेतकरी घाबरले. "अण्णा, कोण वारलं?" दाजींनी नाव सांगितले. "ते टीव्हीतले? पाहुणे लागत होते व्हय तुमचे?" दाजी म्हणाले, "पाहुणे भांडतात. ह्यांनी कधी भांडण केलं न्हाई." यावर त्या भल्या गृहस्थांनी टोपी काढली, थोडा वेळ उभे राहिले आणि मोटार तशीच ठेवून निघून गेले.

आवडता नट मलाही तोच होता. पण मी पडलो शाळामास्तर, माझे प्रेम पुस्तकी. मी त्याच्या मुलाखती वाचायचो, भूमिकांची आपापसात तुलना करायचो. दाजींनी तुलना कधी केली नाही. देवळात जाणारा माणूस मूर्तींची तुलना करीत नाही, तसे. गावात त्याचे नाटक आले की दुकानाच्या शटरवर खडूने लिहिलेले असायचे, 'आज नाटक. मोटार उद्या.' लग्नाला जावे तसे इस्त्रीचे पांढरे कपडे, कानामागे अत्तर, आणि तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची. टाळी मात्र वाजवायची नाही. टाळीने पुढचे वाक्य बुडते, असा त्यांचा सिद्धांत होता. नाट्यगृहात कुणाचे मूल रडू लागले तर दाजी उठून त्या आईसमोर हात पसरायचे. "द्या हिकडं. तुमी बघा नाटक." मग मुलाला खांद्यावर टाकून दाराबाहेर फेऱ्या मारीत, दाराच्या फटीतून येणारे संवाद ऐकत राहायचे. आज सोलापुरात मिशा फुटलेली काही मुले अशी आहेत, की ज्यांनी आपले पहिले नाटक दाजींच्या खांद्यावर झोपून काढले. आणखी एक. नाटकात त्या नटाला मरण असले, की दाजी त्याआधीच बाहेर यायचे. कितीतरी नाटकांचे शेवट त्यांना मी सांगितले आहेत, तेही त्यांच्या परवानगीने आणि थोडे सौम्य करून.

पण दाजी त्या नटाच्या वर्तुळात शिरले ते एका शब्दामुळे. एकदा मध्यंतरात त्यांनी धीर करून रंगपटात एक पुडके नेऊन दिले. त्यात माझ्या बहिणीच्या हातच्या कडक भाकऱ्या होत्या, ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ आणि कुडकुडीत वाळवलेल्या. नाटक संपल्यावर तो नट पडद्यापुढे आला. आमच्या गावचा प्रेक्षक सहजासहजी हसत नाही, अशी नाटकवाल्यांत तक्रार असते. त्या रात्री मात्र तो हसला होता. नट हात जोडून म्हणाला, "सोलापूरचं कडक काय असतं ऐकून होतो, आज अनुभवलं. असंच पुन्हा पुन्हा मिळो." सगळ्या नाट्यगृहाला कळले की हे प्रेक्षकांविषयी आहे. दाजींना कळले की हे भाकरीविषयी आहे. त्यांनी माझे मनगट दाबले आणि कानात म्हणाले, "मध्यंतरातच खाल्ली बघ."

तेव्हापासून प्रत्येक दौऱ्याला भाकरी जायला लागली. पुढे एकेका भाकरीला मऊ कागद, वर शेंगाचटणीची वेगळी पुडी. बहीण तव्यापुढे घामाघूम होऊन म्हणायची, "माझी भाकरी मुंबईला राहून आली, मी अजून पुणं बघितलं न्हाई." दाजी म्हणायचे, "भाकरीला तिकीट लागत न्हाई."

एका वर्षी त्यांनी मलाही रंगपटात नेले. दाजींनी पुडके दिले, नटाने ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावले, "वहिनी बऱ्या आहेत ना?" विचारले, गावच्या पाण्याची चौकशी केली. दाजी चहा सांगायला बाहेर गेले तसा तो हळूच मला म्हणाला, "तुम्ही त्यांचे मेहुणे ना? माझ्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही हो. ही भाकरी मी चावली तर पुढचा अंक मूकनाट्य होईल. पण त्यांना सांगू नका." मी मान हलवली आणि ते गुपित पोटात ठेवले.

त्यामुळे गेल्या महिन्यात शोकसभा ठरली, आणि त्या नटाचे जुने रंगभूषाकार खास येणार असल्याचे कळले, तेव्हा मी सावध झालो; दातांचे गुपित त्यांना ठाऊक असणारच. दाजी बोलायला उभे राहणार होते, आणि कशावर बोलणार ते उघड होते. सभागृह भरलेले. दाजींनी आधी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. "मी काय भाषणवाला माणूस न्हाई. मोटारवाला हाय. पण साहेबांना आपली कडक भाकरी लई आवडायची. पैल्या दिवशी स्टेजवरनं सांगितलं त्यांनी." आणि एकदम ते व्यासपीठाकडे वळले. "तुमी तर कायम त्यांच्याबरोबर होता. आवडायची की न्हाई, सांगा की."

रंगभूषाकार म्हातारे, सरळ वळणाचे गृहस्थ. समोर भरलेल्या सभेत दाजी लहान मुलासारखे मान वर करून उत्तराची वाट बघत होते. मी खाली फरशीकडे पाहू लागलो.

"काय सांगू," ते म्हातारे म्हणाले. "तुमच्या गावातून बस निघाली की मोहोळ येईपर्यंत कुडुम कुडुम आवाज. ड्रायव्हर म्हणायचा, गाडीचा पाटा तुटला की काय!"

सभा हसली. शोकसभेत इतके हसणे बरे नव्हे म्हणून लोक रुमाल तोंडाला लावून हसले. दाजींनी समाधानाने मान डोलावली आणि खाली बसले.

घरी येताना मी त्यांच्या स्कूटरवर मागे होतो. सिग्नलला थांबल्यावर ते पुढे बघतच म्हणाले, "भला माणूस. कोण खायचं तेवढं गाळलं, पण खोटं न बोलता निभावून नेलं."

"म्हणजे?"

"अरे मास्तर, दुसऱ्याच वर्षी कवळी बघितली मी. आरशाजवळ पेल्यात होती."

"मग दाजी, इतकी वर्षं भाकरी कशाला नेत होता?"

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला, पण दाजींनी गाडी हलवली नाही. "मोकळ्या हातानं आत कोण सोडतंय मोटारवाल्याला? भाकरी दिली की ते 'बसा' म्हणायचे. तुझ्या बहिणीचं विचारायचे, दुकानाचं विचारायचे. त्यांना दात न्हाईत, हे मला ठाऊक हाय असं त्यांना कळलं असतं, तर मी काय घेऊन गेलो असतो?" मग त्यांनी गाडी सुरू केली, आणि वाऱ्यात मला अर्धेच ऐकू आले, "त्यांनी मला सांभाळलं, मी त्यांना. चांगलं चाललं होतं की."

पुढच्या आठवड्यात गावात एक नवे नाटक आहे. त्यात तरुण मंडळी आहेत, चांगले काम करतात म्हणे. मी दोन तिकिटे आणली. दाजींनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "येतो की. पण मधल्या वेळात आपण बाहेरच बसू या, मास्तर. आत आता कुणाला भेटायचं?"