पहिल्या रांगेतल्या शाली

पहिल्या रांगेत माणसं नव्हतीच. शाली, पर्सेस आणि पाण्याच्या बाटल्या ऐसपैस बसल्या होत्या. सुदानी, केनियन, फिलिपिनो पाहुणे मात्र मागे भिंतीला टेकून उभे.

आखातात, जुमेरा लेक टॉवर्स या वस्तीतल्या एका फोक क्लबचा मी ऑडियन्स मॅनेजर. म्हणजे कार्यक्रमाला कोण येतं आणि कोण मध्येच उठून जातं, हे बघणारा. मागच्या पोवाड्याला आलेले परदेशी पाहुणे सत्कारातच उठून गेले होते. शाल, श्रीफळ, मनोगतं उरकून शाहीर स्टेजवर येईपर्यंत हॉलमध्ये आपण मराठी लोकच उरलो.

"हबीबी," माझे लेबनीज बॉस रामी म्हणाले, "आज पण फक्त तुमचेच लोक उरले, तर मराठी नाइट खलास."

मला ते फार झोंबलं. आपलं गाणं कुठेच कमी नव्हतं. नडत होती ती आपली सत्कार लांबवायची आणि जागा अडवायची सवय. मी शाली उचलायला लागलो, तसे इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शिर्के काका धावत आले.

"अरे, अल नहदाहून फॅमिलीज निघाल्यात! ट्रॅफिकमध्ये अडकल्यात."

"काका, जो आला तो बसला. आणि आज सत्कार कॅन्सल."

"माझापण?"

"तुमचापण."

काका फुगून दाराशी जाऊन उभे राहिले. मी पाहुण्यांना पुढे बसवलं.

आज कार्यक्रम गोंधळाचा होता. गोंधळात गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतात. साताऱ्याहून आलेल्या गोंधळीबुवांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की देव झाले की समोरच्यांची गावंही घ्या. बुवांनी पहिल्या रांगेतल्या सुदानी बाईंना विचारलं, "बहनजी, गाव कौनसा?"

"ओमदुरमान!"

संबळ कडाडला आणि ओमदुरमानला गोंधळाचं आवतण गेलं. बाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. मग मोंबासा, सेबू, फुजैरा. लोक मागून ओरडून गावं सांगत होते. कोणी उठून गेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे आपलं गाणं आहे, असं सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात अल नहदाची मंडळी पोचली. "आमच्या जागा?" एका वहिनींनी विचारलं.

"मागे उभ्या राहा," शिर्के काका म्हणाले. "पुढे आपले पाहुणे बसलेत."

कार्यक्रम संपल्यावर रामींनी मराठी नाइटला पुढच्या सीझनच्या तारखा दिल्या. परक्यांना आपलं गाणं कळेल का, याची काळजी करत बसू नये. आधी त्यांना खुर्ची द्यावी.