ओळख पटवणारे आमचे दाजी

बसवकल्याणात आमच्या दाजींइतका संशयी माणूस झाला नाही आणि त्यांच्याइतका भरवशाचाही, हे मी कुठल्याही चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, बँकेत अधिकारी. दहशतवाद्यांना पैसा पोचू नये म्हणून नियम कडक झाले, प्रत्येक खातेदाराची ओळख नव्याने तपासायचा हुकूम आला, आणि दाजींना वाटलं, देशाची सरहद्द आता आपल्या टेबलापासूनच सुरू होते. खुद्द सासऱ्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनी काउंटरवर विचारलं, "आपलं पूर्ण नाव?" वडील म्हणाले, "जावईबापू, पोरगी देताना आम्ही तुम्हाला इतकं विचारलं न्हाई!" दाजी शांतपणे म्हणाले, "विचारायला पाहिजे व्हतं." अक्काकडं पत्त्याचा पुरावा मागितला, तेव्हा तिनं आठवडाभर अबोला धरला.

असल्या माणसापुढं जवळच्या कोहिनूर गावच्या एका म्हाताऱ्या शिंप्याचं खातं आलं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. बंदी घातलेल्या लोकांच्या यादीतल्या कुणाशी तरी चाचांचं नाव जुळलं आणि संगणकानं खातं अडवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन ठरलेलं, आणि पैसे त्याच खात्यात. मॅनेजर म्हणाले, "वरून उत्तर येईपर्यंत हात लावू नका." खातं मोकळं करायच्या कागदावर सही करायला कुणी धजेना. मला वाटलं, चाचांचं आता काही खरं नाही. गाठ दाजींशी आहे.

दाजींनी सकाळीच कोहिनूरची बस धरली. मीही सोबत गेलो. चाचांच्या ओट्यावर बसून त्यांनी बापाचं नाव, जन्मसाल, कुठं कुठं राहिलात, सगळं खोदून विचारलं. चाचा घाबरले. "साब, मी काय केलो?"

"काय न्हाई, चाचा. तुम्ही कोण हाव, ते पक्कं करायलोय."

मग शेजारीपाजाऱ्यांची उलटतपासणी झाली. यादीतल्या माणसाचा बाप, जन्म, गाव, काहीच जुळत नव्हतं. परत येऊन दाजींनी तसं लिहून खाली आपली सही ठोकली आणि वरच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, नाव जुळलं, माणूस न्हाई. नियमात माणसाची ओळख पटवा म्हणलंय. मी पटवलो. उद्या काय झालं तर मला धरा." संध्याकाळी खातं सुटलं.

ऑपरेशननंतर चाचा मुद्दाम बँकेत आले. दाजींकडं टक लावून पाहत राहिले, मग हसले. "आवाजावरनं वाटलं व्हतं, साब लई दांडगे असतील. तुम्ही तर माझ्यासारखेच वाळके की!" जन्मभर दुसऱ्यांना निरखणारे दाजी असे लाजले, की चष्माच पुसत बसले.

पुढं त्यांची बदली अफजलपूरला झाली. रविवारी एकटेच भीमेच्या काठानं फिरून येतात, असं अक्का फोनवर सांगते. इकडं बँकेत माझं काम आता चुटकीसरशी होतं. कागद सरकवला, शिक्का पडला. मान वर करून माझ्याकडं कुणी बघतही नाही. बाहेर आलो, की पायरीवर उगाच थोडा वेळ उभा राहतो.