मागचा निरोप

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चुकलंमाकलं तर माफ करा.

लॅबच्या पडद्यावर आज एक निरोप अडकून पडला होता. आमच्या प्रकल्पात मुख्य संगणक नाही. प्रत्येक संगणक शेजारच्याला निरोप देतो. प्रत्येक निरोपात त्याच्या मागच्या निरोपाची खूण असते. मागचा पोचला नसेल, तर पुढचा थांबून राहतो.

“तुझ्यासारखाच आहे बघ,” शेजारी बसलेला समीर म्हणाला. मीही आजारी आत्याच्या खबरीची वाट बघत होतो. तिनेच हट्टाने मला शिकायला पाठवलं होतं. गावात रेंज फक्त टेकडीवर; जो वर चढेल त्याने सगळ्यांचे निरोप द्यायचे, अशी आमची रीत. कुणा एकावर ते काम नसतं.

तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. “दहाव्याला येतोयस ना, का साहेब झालास?”

“कुणाचं दहावं, गणू?”

तो म्हणाला, “तुला कुणीच नाही सांगितलं? मला वाटलं, तुझ्या आईनं कळवलं असेल. तिला वाटलं असेल, मी.”

पडद्यावरचा निरोप अजून थांबलेलाच होता.

“आत्या गेली रे.”